स्क्रोल सॉचं ब्लेड रेषा सोडतंय? आधी ते कसं सोडतं ते पाहा

स्क्रोल सॉ म्हणजे वर-खाली धावणाऱ्या बारीक ब्लेडने लाकडात नक्षी कापायची विजेची करवत. रेषा सरळ आखलेली, हात स्थिर, तरी काप वाकडाच. ही नवख्यांची तक्रार समजली जाते, पण ब्लेडची नवी जुडी उघडली किंवा लाकूड बदललं की मुरलेल्या माणसालाही ती पुन्हा गाठते. मग नेहमीचे उपाय सुरू होतात. ताण आणखी वाढवा, जाड ब्लेड लावा, वेग कमी करा, जरा जोर लावा. एखादा उपाय चालूनही जातो, आणि पुढच्या वेळी तोच अंगाशी येतो, कारण त्या वेळी मूळ दुखणंच वेगळं असतं.

म्हणून मशीनच्या एकाही नॉबला हात लावण्याआधी एक चाचणी काप घ्या. 18 ते 20 मिलिमीटर जाडीचा टाकाऊ तुकडा घ्या, त्यावर पेन्सिलने लांब सरळ रेषा मारा, 5 नंबरचं ब्लेड लावा. वेग मध्यम ठेवा. तुकडा सैल हाताने धरून सरळ ब्लेडकडे सरकवत न्या आणि ब्लेड भरकटायला लागलं तरी सावरू नका. सावरायचा मोह आवरणं हाच या चाचणीतला अवघड भाग. पाचसहा सेंटिमीटर कापून झालं की मशीन बंद करा, तुकडा हातात घ्या, वरूनही बघा आणि पालथा करून खालूनही.

काप सुरुवातीपासून एकाच बाजूला, एकसारखा तिरका गेला असेल तर ती एक गोष्ट. कधी डावीकडे, कधी उजवीकडे असा नागमोडी गेला असेल तर दुसरी. आणि वरून रेषेवर पण खालून भलतीकडे असेल तर तिसरी. तिघांची कारणं वेगळी आहेत आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही.

एकाच बाजूला, एकसारखा तिरका

हा बिघाड नाही. ब्लेडचा स्वभाव आहे.

स्क्रोल सॉची बहुतेक ब्लेडं पोलादाच्या पट्टीत दाते पाडून तयार होतात. दाते पाडताना पट्टीच्या एका अंगाला अतिशय बारीक, खरखरीत कोर उभी राहते. बोटाच्या पेराने ब्लेडच्या दोन्ही बाजू मागच्या कडेकडून दात्यांकडे हळूच चाचपल्या तर एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी किंचित ओरखडणारी लागते (मशीन बंद आणि ब्लेड हातात असताना, हे सांगायला नको). ज्या बाजूला कोर, त्या बाजूचं लाकूड थोडं जास्त कापलं जातं आणि ब्लेड तिकडे सरकतं. बहुतेक ब्लेडं मशीनवर लावल्यावर ही कोर उजवीकडे येते, म्हणून काप उजवीकडे ओढला जातो.

यावर उपाय म्हणजे फळी थोड्या कोनात धरून कापणं. किती कोनात, ते ब्लेडच सांगतं. चाचणीच्या तुकड्यावर दुसरी रेषा मारा आणि या वेळी कापता कापता फळी हळूहळू फिरवत जा. एका ठिकाणी ब्लेड आपसूक रेषेवर चालायला लागेल. तिथे थांबा आणि टेबलाच्या पुढच्या कडेशी रेषेचा कोन किती झालाय ते बघून ठेवा. काटकोनापासून चारपाच अंशांचा फरक असेल तर एकदम नेहमीचा मामला. त्या ब्लेडशी तुमचा तोच करार. दुसऱ्या जुडीतल्या ब्लेडचा कोन वेगळा निघू शकतो, म्हणून नवी जुडी उघडली की ही चाचणी पुन्हा करावी.

टेबल सॉ किंवा बँड सॉवर काम केलेल्यांना हे पचायला जड जातं. तिथे फळी समोर सरळ ढकलायची सवय असते. स्क्रोल सॉवर सरळ रेषेसाठी पट्टी लावून फळी तिच्या कडेने सरकवली तर काप जवळजवळ नक्की बिघडतो, कारण ब्लेडला जो कोन हवा तो पट्टी देऊच शकत नाही. इथे सरळ रेषाही मोकळ्या हातानेच कापावी लागते. आणि खरं सांगायचं तर स्क्रोल सॉवर वळणापेक्षा सरळ रेषाच अवघड असते, म्हणून सरावाला गोल आणि नक्षी घेण्याऐवजी रेघा कापा.

काही जण मशीनच टेबलावर थोडं तिरकं बसवतात किंवा स्टूल एका बाजूला सरकवून बसतात, म्हणजे फळी कोनात असली तरी शरीर आणि रेषा समोरासमोर राहतात. बराच वेळ बसून काम करणाऱ्याची मान आणि खांदे यामुळे वाचतात. कोर खूपच त्रास देत असेल तर मशीन हळू चालवून धारेचा बारीक दगड ब्लेडच्या त्या अंगाला अगदी अलगद टेकवतात. पण दगड जपून, क्षणभरच. जास्त दाबलं तर दात्यांची धार जाते. ग्राइंड करून बनवलेली ब्लेडं मिळतात, त्यांना ही कोर जवळपास नसते. ती रेषेवर सरळ चालतात, पण इतकी तिखट असतात की हलक्या हाताचा सराव नसेल तर रेषा ओलांडून कधी गेली ते कळत नाही.

कधी इकडे, कधी तिकडे

इथे मात्र काहीतरी बिघडलंय, आणि दहापैकी बहुतेक वेळा ते ताणाशी निगडित असतं.

ताण तपासायला मशीन बंद करून ब्लेडच्या मधोमध बोटाने बाजूने हलका दाब द्या. दोनतीन मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलं तर सैल आहे. तारेसारखं छेडून बघा. स्वच्छ, उंच 'टिंग' यायला हवा. 'थड' असा दबका आवाज आला तर आणखी ताणा. कानाला याची सवय लवकर होते, आणि एकदा झाली की मशीनवरच्या ताणाच्या आकड्यांकडे बघावंसं वाटत नाही. बारीक ब्लेडला जाड ब्लेडइतका ताण सोसत नाही हेही लक्षात ठेवा. 2/0 नंबरचं ब्लेड जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद असतं, 5 नंबरचं सुमारे एक मिलिमीटर. दोघांना एकाच मापाने ताणलं तर एक तुटेल नाहीतर दुसरं लुळं राहील.

आता खरी मेख. सुरू करताना ताण बरोबर असतो आणि दोन मिनिटांनी नसतो. ब्लेड क्लॅम्पमधून, म्हणजे त्याचं टोक पकडणाऱ्या चिमट्यातून, किंचित घसरलेलं असतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. हे पकडायची सोपी युक्ती अशी: ब्लेड लावून ताणल्यावर, वरच्या आणि खालच्या क्लॅम्पच्या तोंडाशी, ब्लेड जिथे आत शिरतं तिथेच, बारीक मार्कर पेनने आडवी खूण करा. टाकाऊ तुकड्यावर मिनिट-दोन मिनिटं कापा. मग खूण क्लॅम्पच्या तोंडाशीच आहे की बाहेर सरकलीय ते बघा. केसाएवढी फट दिसली तरी चोर सापडला.

घसरण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे तेल. नव्या ब्लेडवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ हात असतो. ब्लेडची दोन्ही टोकं थिनर किंवा स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि 220 नंबरच्या पॉलिश पेपरमध्ये चिमटीत धरून एकदोनदा ओढा. बहुतेकांचं दुखणं इथेच बरं होतं. तरीही घसरत असेल तर क्लॅम्पचा स्क्रू काढून त्याचं टोक बघा. रोजच्या वापराने ते आरशासारखं गुळगुळीत होतं, मध्ये ब्लेडची बारीक चरही पडते, आणि त्या चरीत ब्लेड प्रत्येक वेळी त्याच चुकीच्या जागी बसतं. टोक पॉलिश पेपरवर सपाट घासून खरखरीत करा. फारच झिजलं असेल तर नवा स्क्रू लावा. पाना घालून क्लॅम्प आवळत सुटणं हा उपाय नव्हे. त्याने स्क्रूचे आटे जातात आणि ब्लेड क्लॅम्पमध्ये पिळलं जातं.

ताणही ठीक, पकडही ठीक, तरी काप डुलतोय? मग ब्लेड बोथट झालंय. स्क्रोल सॉचं ब्लेड फार वेळ टिकत नाही. कठीण लाकडात किंवा जाड फळीत पंधरावीस मिनिटांतही धार उतरते. सागवानात सिलिका असते, ती दाते खाते. प्लायवूडमधला गोंदही तेच करतो, आणि एमडीएफ तर जवळजवळ सगळं गोंद-भुशाचंच. बोथट ब्लेड लगेच तुटत नाही, कापत राहतं, फक्त तुम्हाला नकळत जास्त जोर लावायला भाग पाडतं. तो जोर बाजूला गेला की ब्लेड धनुष्यासारखं वाकतं आणि रेषा सुटते. म्हणून 'अजून कापतंय की' हा निकष धरू नका. बोटांना जोर जाणवू लागला, कापाच्या कडा तपकिरी दिसू लागल्या, करपल्याचा वास आला, की ब्लेड बदला. ब्लेड तुटेपर्यंत वापरायचं हा काटकसरीचा हिशोब मला कधीच पटलेला नाही, कारण त्यात खराब झालेली फळी कोणी धरत नाही.

लाकडाचाही हात असतो. पाइनसारख्या लाकडात वार्षिक वलयांचा एक पट्टा कडक आणि त्याशेजारचा मऊ असतो. रेषा या पट्ट्यांना तिरकी छेदत गेली की ब्लेड कडक पट्ट्याला टेकून मऊ भागातून वाट काढतं. तिथे ताण वाढवून फारसा फरक पडत नाही. ढकलण्याचा वेग कमी करा, एक नंबर मोठं ब्लेड लावा, आणि कडक पट्टा आला की ब्लेडला स्वतःहून कापायला वेळ द्या. नक्षी अजून चिकटवायची असेल तर ती थोडी फिरवून लांब रेषा पट्ट्यांच्या दिशेने किंवा थेट आडव्या येतील असं बघा.

वरून रेषेवर, खालून भलतीकडे

लाकडी कोडं कापलं आणि त्याचा तुकडा फक्त एकाच बाजूने निघतो, किंवा रंगीत लाकडांचे तुकडे जोडून चित्र करताना वरून सांधा घट्ट बसतो आणि खालून फट दिसते, तर दुखणं हेच.

पहिला संशय टेबलावर. त्याच्याखाली अंशांची जी पट्टी असते तिच्यावर शून्य दिसलं म्हणजे टेबल काटकोनात आहे असं धरू नका. ती पट्टी साधारण अंदाजासाठी असते. ब्लेड पूर्ण ताणून त्याच्याशेजारी छोटा गुण्या उभा करा आणि मागून उजेड धरून मधली फट बघा. ब्लेड बुटकं असल्यामुळे गुण्याने बारीक चूक निसटते, म्हणून त्यापुढची चाचणी करा, ही जास्त भरवशाची. तीनचार सेंटिमीटर जाड टाकाऊ ठोकळा घ्या. ब्लेडच्या पुढून त्यात मिलिमीटरभर खोल खाच पाडा आणि मशीन बंद करा. आता ठोकळा न उलटवता, टेबलावर तसाच सपाट फिरवत ब्लेडच्या मागे न्या आणि ती खाच ब्लेडच्या पाठीवर टेकवा. ब्लेड खाचेत वरपासून खालपर्यंत अलगद बसलं तर टेबल काटकोनात आहे. वर बसतं आणि खाली अडतं असं झालं तर टेबल तितकंच झुकलंय, आणि या चाचणीत ती चूक दुप्पट होऊन दिसत असल्याने डोळ्यांना सहज सापडते. टेबल थोडं सैल करून, हलवून, पुन्हा नवी खाच पाडून बघा. जमलं की अंशांच्या पट्टीचा काटा शून्यावर आणून ठेवा.

टेबल बरोबर असूनही खालून काप सरकत असेल तर हाताचा दाब बाजूला जातोय. जाड लाकडात ब्लेडची वरची आणि खालची टोकं क्लॅम्पमध्ये पक्की, मधला भाग मोकळा. बाजूने दाब पडला की मध्ये पोट सुटतं आणि कापाची भिंत सरळ न राहता फुगीर होते. वळणावर हे सर्वांत जास्त घडतं, कारण घाईत फळी फिरवताना आपण ती ढकलतोही. वळण घेताना पुढे ढकलणं जवळजवळ थांबवा, फळी ब्लेडभोवती फिरू द्या. काटकोनी कोपऱ्यावर तर ब्लेडची पाठ टाकाऊ बाजूच्या भिंतीला हलकी टेकवून, जागच्या जागी फळी झटकन फिरवा. ब्लेडची दातेरी बाजू कोपऱ्यात दाबून फिरवलं तर कोपरा गोलटतो.

ब्लेड पुढे-मागे होतंय का

हे तपासायचं फारसं कोणाच्या मनात येत नाही. मशीनची वायर भिंतीतून काढा. ब्लेडच्या मागे चौकोनी ठोकळा अगदी चिकटवून ठेवा आणि मोटार हाताने फिरवून ब्लेड सर्वांत खाली, मग सर्वांत वर आणा. ठोकळा आणि ब्लेड यांत फट पडते का, की ब्लेड ठोकळ्याला मागे ढकलतं, ते बघा. थोडी हालचाल सगळ्याच मशीनमध्ये असते. ब्लेड धरणारे वरचा आणि खालचा दांडा म्हणजे मशीनचे बाहू; सी आकाराच्या एकसंध बाहूच्या मशीनमध्ये ती जास्तच असते, ती तिची घडणच आहे. पण हालचाल मोठी असेल तर ब्लेड प्रत्येक फेरीला लाकडाला धडक देतं, काप आक्रमक होतो आणि बारीक नक्षीत हाताबाहेर जातो. काही मशीनांना मोटारीची किंवा वरच्या बाहूची जागा पुढे-मागे करायची सोय असते, त्यांच्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं. नसेल तर निदान वरचा आणि खालचा क्लॅम्प एका ओळीत, ब्लेड उभ्या सरळ रेषेत बसवलंय ना, एवढं तरी पाहावं.

दाते उलटे असतात तेव्हा

ब्लेडचे दाते खाली तोंड करून बसवायचे. हाताने खालून वर चाचपलं की बोटाला अडतात. उलट्या दात्यांच्या प्रकारात मात्र खालच्या टोकाजवळचे काही दाते वर तोंड करून असतात. ते फळीची खालची बाजू स्वच्छ कापतात, त्यामुळे कुसळं कमी निघतात. ब्लेड सर्वांत वर असताना यातले दोनतीन दाते टेबलाच्या वर दिसायला हवेत. अजिबात दिसत नसतील तर उलटे दाते असूनही निरुपयोगी. जास्त दिसत असतील तर ते फळीला वर उचलतात, फळी थडथडते आणि त्या थरथरीत रेषा जाते. ब्लेड क्लॅम्पमध्ये वर-खाली करून हे जुळवा. गरज पडली तर खालचं टोक पक्कडीने थोडं तोडलं तरी चालतं.

ब्लेड तुटत असेल तर

तुटलेला तुकडा फेकण्याआधी कुठे तुटला ते बघा. क्लॅम्पच्या अगदी तोंडाशी तुटत असेल तर ताण जास्त किंवा ब्लेड तिरकं पकडलेलं. मधोमध तुटत असेल तर जोर, उष्णता किंवा धार गेलेली. एकाच जुडीतली ब्लेडं लागोपाठ तुटली तर जुडीवर शंका घ्या, पण त्याआधी क्लॅम्प बघा.

आता काही किरकोळ पण रेषेशीच निगडित गोष्टी. भुसा रेषेवर साचत असेल तर फुंकणाऱ्या नळीचं तोंड ब्लेडच्या पुढे वळवा, न दिसणारी रेषा कोणीच पाळू शकत नाही. नक्षीच्या कागदावर पॅकिंगची पारदर्शक टेप चिकटवली तर कठीण लाकूड करपत नाही आणि ब्लेडही थंड राहतं, का चालतं यावर वाद असला तरी चालतं. अ‍ॅक्रिलिक कापताना वेग कमी आणि ब्लेड जाड दात्यांचं घ्या, नाहीतर कापलेली चीर वितळून मागे पुन्हा चिकटते. पातळ प्लायवूड एकटं कापण्यापेक्षा तीनचार पदर टेपने बांधून कापलं तर ब्लेडवर जास्त ताबा राहतो, कारण एका वेळी किमान तीनेक दाते लाकडात असायला हवेत. सर्व बाजूंनी कापणारं पिळाचं ब्लेड म्हणजे वळवायची कटकट नाही असं म्हणून काही जण त्याच्याकडे वळतात. माझ्या मते रेषा सुटण्यावरचा तो उपाय नाही, कारण त्याला बाजू नसल्याने ते कुठेही भरकटू शकतं, आणि कापाच्या कडा खडबडीत होतात. मोठ्या फळीवर चित्र कापायचं असेल आणि फळी मशीनच्या घशात, म्हणजे ब्लेडमागच्या मोकळ्या जागेत, फिरत नसेल, तेव्हा ते कामाचं.

नजर कुठे ठेवायची हेही सांगून ठेवतो. ब्लेडकडे बघत कापलं की प्रत्येक चूक घडून गेल्यावर दिसते. नजर ब्लेडच्या पुढे, तीनचार मिलिमीटरवरच्या रेषेवर ठेवा. रेषा सुटलीच तर झटक्याने परतू नका, त्याने कडेला खाच पडते आणि ती आयुष्यभर दिसते. हळूहळू, लांब वळणाने परत या. कागद सोलून काढल्यावर मूळ रेषा कुणाला ठाऊक नसते, डोळ्याला फक्त वळण सलग आहे का तेवढंच दिसतं. वळण टाकाऊ बाजूला सरकवायचं, कामाच्या बाजूला नाही.

हे सगळं करूनही नागमोडी काप राहिलाच, तर बाहूंमधला ढिलेपणा बघा. वायर काढून वरचा बाहू ब्लेडजवळ चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. अगदी थोडीशी हालचाल ठीक, पण खटखट आवाज येत असेल तर बाहू ज्या खिळीवर फिरतो तिच्या जागेतलं बुश (खिळीभोवतीची कडी) किंवा बेअरिंग झिजलंय. बोल्ट आवळून बघा, तेलाचे दोन थेंब सोडा. आवळल्यावर बाहू घट्ट होऊन वर-खाली जड चालायला लागला तर लगेच पाव फेरा सैल करा, आणि तरी खटखट राहिली तर बुश बदलणंच आलं. तोपर्यंत त्या मशीनवर बारीक नक्षीचं काम घेऊ नका, मोठी आणि ढोबळ वळणंच घ्या.